शिट्टीवाचून व्यायाम

दरवर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो, सकाळी बुद्धवंदना होते, भाषणे होतात आणि पंगती उठल्यावर मैदानाकडेच्या चिंचेखाली आम्हां शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांभोवती पाच-दहा जण जमतात. कुणाचे केस पिकलेले असतात, कुणाचे पोट सुटलेले असते, कुणाच्या खिशात रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या असतात. अलीकडे माजी विद्यार्थिनीही येऊन बसतात. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, की एक प्रश्न हमखास निघतो : "सर, घरीच व्यायाम सुरू केला आहे. पण किती करू?"

हा प्रश्न ऐकून आम्हाला दरवेळी थोडे ओशाळल्यासारखे होते. विचारणाऱ्याने आमच्या हाताखाली पाच-सात वर्षे रोज पहाटे व्यायाम केलेला असतो. जोर कसे काढावेत, बैठक मारताना टाच कुठे असावी, हे त्याला आजही पाठ असते. 'किती' एवढेच तेवढे ठाऊक नसते. कारण ते आम्ही कधी शिकवलेच नाही. 'किती' हे आमची शिट्टी ठरवीत असे. पन्नास म्हणजे पन्नास, मैदानाच्या पाच फेऱ्या म्हणजे पाच. शंभर मुलांना एका रांगेत उभे करून सांभाळायचे असते तेव्हा दुसरा मार्गही सहज सुचत नाही, हे खरे. पण शाळा सुटली आणि शिट्टी थांबली, की विद्यार्थ्यांचे दोन वर्ग पडले. बहुतेकांनी व्यायामच सोडला. थोड्यांनी वीस-पंचवीस वर्षांनी तो पुन्हा धरला, आणि धरला तो वसतिगृहातल्या जुन्या आकड्यासकट. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने ही राहिलेली शिकवण पुरी करावी, म्हणून हा लेख.

जुन्या आकड्याचा धोका केवढा असतो, हे आमच्या एका विद्यार्थ्याच्या उदाहरणाने सांगतो. हा गृहस्थ बँकेत नोकरीला, वय बावन्न. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू झाले आणि त्याच दिवशी याने संकल्प केला, की तीन महिने रोज घरी व्यायाम करायचा. बाहेर पाऊस, तेव्हा खोलीतच शंभर बैठका मारल्या. शाळेत मारीत होता तेवढ्याच. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवेना. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. घरच्यांनी वेळीच दवाखान्यात नेले म्हणून मूत्रपिंडे वाचली. फार दिवस न वापरलेल्या स्नायूंवर एकाएकी मोठा भार पडला, तर त्यांच्या पेशी फुटतात, आतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि ती गाळताना मूत्रपिंडांवर ताण येतो. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणे हे साधेच असते. ते बहुधा चोवीस ते बहात्तर तासांत चढते आणि उतरते. पण लघवीचा रंग गडद होणे, स्नायू सुजून हात-पाय उचलता न येणे, हे साधे नव्हे. तेव्हा वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

संकल्प चांगला होता. चुकले ते माप. आणि या चुकीबद्दल आपल्या परंपरेत एक फार जुनी कथा आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात आणि अंगुत्तर निकायातही सोण कोळिविसाची हकिकत येते. चंपा नगरीच्या श्रेष्ठीचा हा पुत्र इतका सुखात वाढलेला, की त्याचे तळवे विलक्षण कोमल होते. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात राहून तो चंक्रमण करू लागला, म्हणजे ठरलेल्या वाटेवर येरझारा घालीत साधना करू लागला. त्याने इतका अट्टहास केला, की पाय फुटले आणि वाट रक्ताने माखली. तरी मनाला मुक्ती मिळेना. तेव्हा त्याला वाटू लागले, की त्यापेक्षा घरी परतावे, संपत्ती आहेच, दानधर्म करीत राहावे. तथागतांनी हे जाणले आणि त्याच्याकडे येऊन त्याला विचारले, की गृहस्थ असताना तू वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणलेल्या असल्या तर ती वाजते का? फार सैल असल्या तर? दोन्ही प्रश्नांना सोणाचे उत्तर 'नाही' असेच होते. मग त्यांनी त्याला समजावले, की अतिरेकी प्रयत्नाने मन अस्वस्थ होते, अतिशिथिल प्रयत्नाने आळस येतो. तेव्हा प्रयत्नात समता धरावी. पालीत तिला 'विरियसमता' म्हटले आहे.

या कथेकडे आम्ही व्यायामशिक्षकाच्या नजरेने पाहतो तेव्हा दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी, की तथागतांनी सोणाला आकडा दिला नाही. शंभर येरझारा घाल किंवा पन्नास घाल, असे ते म्हणाले नाहीत. तार सुरात लागली की नाही हे वाजवणाऱ्याच्या कानाला कळते, आणि सोणाला तो कान होता. त्याच्याजवळच्या ज्ञानाकडेच त्यांनी बोट दाखवले. शिवाय तार एकदा लावली म्हणून कायमची लागत नाही; वादक बसला, की आधी तार लावतो. दुसरी गोष्ट चपलांची. पाय सोलवटलेल्या सोणाला तथागतांनी एका तळाचे पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. संघाला मिळत असेल तर मीही घालीन, असे तो म्हणाला, आणि अनुज्ञा सर्व संघाला झाली. हे सांगण्याचे कारण असे, की घरात शहाबादी फरशीवर अनवाणी उड्या मारून नडगी आणि गुडघे दुखवून घेणारे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. उड्यांच्या व्यायामाला बूट घालावेत. ज्यांच्या पावलांना मधुमेहामुळे बधिरता आली आहे, त्यांनी तर घरातही अनवाणी व्यायाम करू नये.

आता मापाकडे येऊ. व्यायामाच्या मात्रेला मुख्यतः दोन बाजू आहेत : किती वेळ, आणि किती तीव्र. एक वाढवली तर दुसरी कमी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. दोन्ही आकडे जवळ ठेवून पाहिले, की हिशेब उघड होतो. जोरकस व्यायामाचे एक मिनिट साधारणपणे मध्यम व्यायामाच्या दोन मिनिटांच्या बरोबरीचे धरले आहे. याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा. या मार्गदर्शनातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी व्यायाम हिशेबात धरीत नसत. ती अट आता काढून टाकली आहे. दोन खोल्यांच्या घरात, पोरांची शाळा आणि नळाची वेळ सांभाळून व्यायाम करणाऱ्या आपल्या भगिनींसाठी ही मोठी सोय आहे. सकाळी सात मिनिटे, दुपारी पाच, संध्याकाळी दहा. सारे जमेस धरले जाते.

पण मध्यम कशाला म्हणावे आणि जोरकस कशाला? मनगटावरची यंत्रे नाडी मोजतात, आणि २२० मधून वय वजा केले की नाडीची कमाल मर्यादा मिळते, असे एक सूत्र सर्वत्र सांगितले जाते. ते ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा, कधी त्याहूनही अधिक फरक असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या तर नाडी मुद्दामच दाबून ठेवतात. अशा माणसाने नाडी पाहून तीव्रता ठरवू नये. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी म्हणूनच निराळा मार्ग सुचवला : श्रम किती वाटतात ते करणाऱ्यालाच विचारावे आणि त्याला अंक द्यावा. त्यांची मूळ श्रेणी ६ ते २० अशी होती; सोयीसाठी आता शून्य ते दहा अशीही वापरतात. शून्य म्हणजे स्वस्थ बसणे आणि दहा म्हणजे आता एक पाऊलही शक्य नाही. पाच-सहा म्हणजे मध्यम. सात-आठ म्हणजे जोरकस.

याहून सोपी कसोटी बोलण्याची आहे, आणि तिच्यासाठी आपल्या वसतिगृहाने सर्वांना सामग्री देऊन ठेवली आहे. व्यायाम चालू असताना पाढा म्हणावा. चालीवर, ताल धरून म्हणता आला तर व्यायाम हलका आहे. चाल जमत नाही, पण बोलल्यासारखा सरळ म्हणता येतो, तर तो मध्यम. दोन-तीन आकड्यांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर जोरकस. आणि 'सतरा एके' म्हणतानाच धाप लागली, तर थांबावे. (एकोणतीसचा पाढा मध्येच अडला तर दोष दमाचा आहे की आठवणीचा, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे ठरवावे.)

हीच कसोटी वापरून उपर्युक्त बँकेतल्या विद्यार्थ्याने पुन्हा सुरुवात केली. अर्थात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, दीड-दोन महिन्यांनी. त्याची वाटचाल आम्ही जवळून पाहिली. पहिले दोन आठवडे जागच्या जागी चालणे, दहा मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस, पाढा चालीवर म्हणता येईल इतकेच. मग आधी दिवस वाढवले, तीनाचे पाच. मग मिनिटे, दहाची पंधरा, पंधराची वीस. मिनिटे तिसावर स्थिरावल्यावरच तीव्रतेला हात घातला, तोही असा, की पाच मिनिटे साध्या चालीने, एक मिनिट गुडघे उंच उचलून, पुन्हा पाच मिनिटे साधी चाल. तीव्रता वाढवली त्या आठवड्यात वेळ थोडा कमी केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नेम त्याने मोडला नाही. त्याने दोरीउड्याही करून पाहिल्या. पण खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिसऱ्याच दिवशी वर येऊन चौकशी केल्यामुळे त्या सोडल्या आणि इमारतीचा जिना धरला. घरच्या व्यायामात शेजारी हाही मापाचा एक भाग असतो.

बळाच्या व्यायामात मोजदाद थोडी निराळी असते. येथे मिनिटांपेक्षा आवर्तने आणि भार यांना महत्त्व. घरात वजने नसली तरी भार कमी-जास्त करण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. जोर आधी भिंतीला हात लावून काढावेत, ते सहज पंधरा-वीस होऊ लागले, की स्वयंपाकघरातील ओट्याला, मग पलंगाच्या भक्कम कडेला, शेवटी जमिनीवर. शरीर जितके आडवे, तितका हातांवर भार अधिक. बैठक आधी खुर्चीवर बसून उठण्याची, मग खुर्चीला केवळ स्पर्श करून उठण्याची, मग खुर्चीशिवाय. पुढे पाण्याने भरलेली पाच लिटरची कॅन छातीशी धरावी. आकडा न वाढवता नुसता वेग मंद केला, खाली जाताना चार अंक मोजले, तरी तीच बैठक कितीतरी अवघड होते. जाता जाता सांगतो, अंग दुखते ते वर उठण्याने कमी आणि सावकाश खाली जाण्याने अधिक. म्हणून नवशिक्याने ही मंद गती लगेच धरू नये. त्याच व्यायामाची दुसरी-तिसरी खेप मात्र पहिलीइतकी दुखत नाही, कारण स्नायू लवकर सरावतात.

थांबावे केव्हा? आणखी दोन-तीन आवर्तने जमली असती असे वाटते तेव्हा. आम्ही मैदानावर याच्या उलट शिकवले होते. हात थरथरू लागले, पाठ वाकू लागली, की आमच्यापैकी कुणीतरी "अजून दोन!" असे ओरडत असे. ती दोन आवर्तने वाकलेल्या पाठीने काढलेली असत आणि त्यांचा उपयोग इजेपलीकडे फारसा नव्हता. श्वास रोखून भार उचलू नये, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी; उठताना श्वास सोडावा. त्याच स्नायूंना पुन्हा जोरकस काम देण्यापूर्वी मध्ये साधारण दोन दिवस जाऊ द्यावेत.

वाढवण्याविषयी लोक उत्साहाने विचारतात, कमी करण्याविषयी कुणी विचारत नाही. कमी करणे म्हणजे माघार, ही समजूतही बहुधा आमच्याच मैदानावरून गेलेली आहे. ताप असताना व्यायाम करू नये. आजारातून उठल्यावर जुन्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करावी. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला, तर दम तेवढ्यात उतरू लागलेला असतो, ताकद त्यामानाने टिकते. तेव्हा चालण्या-पळण्याची मात्रा अधिक खाली आणावी. आदल्या दिवशीच्या व्यायामाने सांधा दुखावला असून सकाळीही दुखत असेल, तर मात्रा निम्मी करावी. रात्रपाळी करून आलेल्याने त्या दिवशी तीव्रता सोडून द्यावी, वेळ ठेवावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या पत्र्याच्या घरात दुपारी चारलाही भट्टी पेटलेली असते. शरीर थंड राखण्यासाठी हृदयाला जादा काम पडते आणि नेहमीचीच चाल जोरकस होऊन बसते. पाढ्याची कसोटी तेथे लगेच हे दाखवून देते. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी व्यायाम करावा, किंवा तीव्रता उतरवावी. पौर्णिमेला उपोसथ पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्यांनी त्या संध्याकाळी व्यायाम हलका ठेवावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर उपोसथाचा बेतही डॉक्टरांना विचारूनच करावा, कारण रिकाम्या पोटी साखर एकदम खाली येऊ शकते. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांपैकी काहीही झाले, तर मात्रेचा विचार करीत बसू नये. थांबून मदत मागावी.

एक गोष्ट आमच्या समाजाला विशेष सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना आम्हाला स्वतःची एक चूकही सांगावी लागते.

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही आढळतो. आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक होते. रुग्णाने व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, हलका ते मध्यम आणि भरपूर पाणी पिऊन करावा. वाहक मात्र एरवी निरोगी असतो. त्याला व्यायामाची बंदी नाही, पुष्कळ वाहक उत्तम खेळाडू झालेले आहेत. पण सराव नसताना एकाएकी केलेले टोकाचे श्रम, ऊन आणि शरीरात पाण्याची कमतरता हे तिन्ही एकत्र आले, तर त्याच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू लागतात आणि स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो. नेहमीच्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो. येथे तसे होत नाही. पाय नुसते बळ गेल्यासारखे होतात आणि मनुष्य खाली बसतो. पाहणाऱ्याला तो आळस वाटतो.

आम्हालाही तो आळसच वाटला होता. अनेक वर्षांपूर्वीची, एप्रिलमधली संध्याकाळ. स्पर्धा जवळ आली होती. नववीतला एक मुलगा चौथ्या फेरीत थांबला आणि म्हणाला, "सर, पायांत जीव नाही राहिला." आम्ही त्याला कामचुकार म्हटले आणि एक फेरी वाढवून दिली. ती अर्धी होण्याआधीच तो खाली बसला, आणि मग उठला नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी त्याला दवाखान्यात नेले. तो वाचला. वाहक असल्याचे पुढे तपासणीत निघाले. आज तो स्वतः शिक्षक आहे, मेळाव्याला येतो, चिंचेखाली आमच्याजवळ बसतो. त्या संध्याकाळचा विषय त्याने कधी काढलेला नाही.

त्यानंतर मैदानावरची पद्धत बदलण्यास आम्हाला काही वर्षे लागली. आता जून महिन्यात नवीन मुले आली, की पहिले तीन आठवडे कुणालाही वेळ लावून पळवीत नाही. पाण्याचा पिंप मैदानाच्या कडेला असतो आणि पाणी पिण्यासाठी परवानगी घ्यावी लागत नाही. शिट्टी सुरुवातीला वाजते आणि विश्रांतीसाठी वाजते. मधला आकडा मुले आपापल्या वहीत लिहितात. दिनांक, किती मिनिटे, दहापैकी किती श्रम वाटले, एवढ्या तीन रकान्यांची ती वही असते. कुणी मध्येच खाली बसला, तर आधी त्याला सावलीत नेऊन पाणी देतो. कारण नंतर विचारतो.

२०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे आणि तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते. ज्या माजी विद्यार्थ्यांची अद्याप तपासणी झालेली नाही, त्यांनी ती आपल्या जवळच्या शासकीय रुग्णालयात करून घ्यावी आणि मुलांचीही करून घ्यावी. व्यायामाची वही ज्यांना हवी असेल, त्यांना या मेळाव्यात ती चिंचेखाली मिळेल. साधी दोनशे पानी आहे, रकाने हातानेच आखावे लागतात.